आंबिल ओढा आणि मधला तास

आज दिवसभर पुण्यातल्या आंबिल ओढ्याचा लॅग टाइम काढत होते. जादा पावसाचा (जमिनीत न मुरता वाहून जाणाऱ्या पावसाचा) मध्य आणि पुराचा उच्चांक यांच्यात जेवढा वेळ जातो, तो हा. खालच्या वस्तीला सावध करायला हातात तेवढंच असतं!

उदाहरणादाखल, किर्पिचच्या सूत्रात १० किलोमीटर लांबी नि २ टक्के उतार घातला की लांबच्या टोकाचं पाणी पोचायला साधारण १०६ मिनिटं लागतात. त्याच्या ०.६ पट लॅग, म्हणजे जेमतेम तास. पण हे सूत्र १९४० चं, टेनेसीतल्या छोट्या शेतजमिनींच्या पाणलोटांवरून काढलेलं. आपल्या ओढ्याला ठिकठिकाणी भिंती आहेत, काठाला चिकटून सोसायट्या. पूर्ण काँक्रीटच्या नाल्यात तोच काळ ०.२ ने गुणायचा असतो. सगळा ओढा तसा नाही, पण जिथे आहे तिथे मिनिटं भराभर कमी होतात.

२५ सप्टेंबर २०१९ ला याच ओढ्याला पूर आला, ती रात्र पुण्यात कोण विसरेल? म्हणून अख्ख्या ओढ्याला एकच आकडा मला पटत नाही. डोंगरउतार, नैसर्गिक पात्र आणि बांधलेला पट्टा, तिघांचा वेळ वेगळा काढून बेरीज करतेय. शिवाय कात्रजच्या बाजूला पर्जन्यमापक आणि खाली पाण्याच्या पातळीची पट्टी हवीच, हे उद्याच्या टिपणात पहिल्याच पानावर लिहिणार आहे.