पांढरे रस्ते

फ्रान्समध्ये सायकल चालवायची तर आधी नकाशातले रंग ओळखता आले पाहिजेत. मिशेलिनच्या नकाशात लाल म्हणजे हमरस्ता, ट्रकांचा. पिवळा त्याहून धाकटा, जिल्ह्याच्या ताब्यातला. आणि ज्याला रंग द्यायची कुणी तसदीच घेतली नाही, तो पांढरा. गंमत अशी, की हे नकाशे काढले टायर विकणाऱ्या कंपनीने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी मोटारी बाहेर काढाव्यात, भरपूर हिंडावं आणि टायर झिजवावेत, इतका सरळ हिशेब. मी त्याच नकाशावर बोट फिरवत, जिथे मोटार सहसा फिरकणार नाही असे रस्ते हुडकत बसते.

राहते मी तुलूझला. विमानं बनवणारं शहर, त्यामुळे पुण्या-बंगळूरहून आलेले इंजिनिअर इथे बरेच आणि बाजारात मराठी कानावर पडलं तर वळून बघावं इतकी अपूर्वाई आता राहिलेली नाही. कालव्याकाठी सायकलसाठी छान रस्ता आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे लहान मुलं, कुत्री आणि धावणारे यांची जत्रा भरते. म्हणून मी पश्चिमेला ऑशकडे जाणारी पॅसेंजर पकडते, सायकल डब्यात चढवते आणि मधल्याच एखाद्या स्टेशनावर उतरते. तिथे जेर्स जिल्हा सुरू झालेला असतो.

जेर्सची ठेवण कळली, की तिथलं सायकलिंग कळलं. दक्षिणेला, पिरेनीजच्या पायथ्याशी लानमेझांचं पठार आहे. तिथून जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात. दोन नद्यांच्या मध्ये एक लांबच लांब धार. उत्तर-दक्षिण जायचं असेल तर धारेवरचा रस्ता धरावा आणि दोन्हीकडची खोरी बघत मजेत जावं. पूर्व-पश्चिम जायचं ठरवलंत, की मेलात. शंभरेक मीटर चढा, तेवढेच उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा. यातला एकही चढ मित्रांना सांगून फुशारकी मारावी असा नाही, आणि संध्याकाळी बेरीज करावी तर आकडा हजार मीटरच्या पुढे गेलेला. नकाशात चढासाठी छोटे बाण असतात. एक बाण पाच ते नऊ टक्के, दोन बाण नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याच्याही वर. दोन बाणांपर्यंत माझं नकाशाशी बरं आहे.

धारेवरून पिरेनीजची बर्फाची रांग दिसते. ती अगदी हाताला लागेल इतकी लख्ख दिसली तर पाऊस येणार, असं इथली जुनी माणसं सांगतात. मी रेनकोट घेऊन निघते त्या दिवशी ढग कुठे दिसत नाहीत, हा भाग वेगळा.

पण खरी मजा पांढऱ्या रस्त्याची. रुंदी जेमतेम तीन मीटर. मधली रेघ नाही, कडेच्या रेघा नाहीत. दोन चाकोऱ्या गुळगुळीत आणि मधोमध गवताची बारीक ओळ, कारण तिथे कुणाचंच चाक लागत नाही. शेतातून रस्त्यावर येण्याच्या जागी ट्रॅक्टरच्या टायरमधून सुटलेली मातीची ढेकळं पडलेली असतात, टायरची नक्षी तशीच घेऊन वाळलेली. उतारावर असताना ही ढेकळं आधी दिसलेली बरी. कडेला ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं; ऑगस्टअखेर फळं काळीभोर होतात आणि थांबून खाल्ली तर कुणी हटकत नाही. इथे आवाज फक्त आपल्या सायकलचा. चेनला तेल द्यायला झालंय हे शहरात महिनाभर कळत नाही, इथे पहिल्या किलोमीटरला कळतं.

जुलैत दोन्ही बाजूंना सूर्यफुलं. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे मान वळवतं असं आपण शाळेत शिकलो, पण ते कोवळेपणी. एकदा फूल पुरतं उमललं की मान पूर्वेला धरून बसतं, ते शेवटपर्यंत. त्यामुळे पश्चिमेकडे निघालात तर अख्खं शेत तुमच्या तोंडाकडे बघतं आणि पूर्वेकडे निघालात तर सगळ्यांनी पाठ फिरवलेली. जीपीएसची बॅटरी संपली तरी दिशेची काळजी नाही.

आता प्रश्न असा, की एवढे रस्ते केले कुणी, आणि कुणासाठी? चार घरांच्या वाडीला डांबरी रस्ता, पुढच्या दोन घरांना आणखी एक. उत्तर १८३६ सालच्या कायद्यात आहे. त्या कायद्याने गावोगावच्या वाटा नीट ठेवणं गावांवर बंधनकारक केलं. पैसे नसतील तर श्रम. अठरा ते साठ वयाच्या धडधाकट पुरुषाकडून, आणि त्याच्या गाडी-बैलांकडूनही, वर्षाला तीन दिवसांपर्यंत रस्त्याचं काम घेता येत असे, किंवा तेवढी रक्कम. गड्यांनी खडी फोडली, पसरली, आणि शेतातलं धान्य बाजारापर्यंत जायला लागलं. तेव्हा या भागात माणसंही होती. १८४६ साली जेर्सची लोकसंख्या तीन लाखांच्या वर होती. आज ती दोन लाखांच्या आत आहे. द्राक्षवेलींवर कीड आली, घरात मुलं कमी होत गेली, तरणी मंडळी तुलूझला आणि पॅरिसला गेली, मग पहिलं महायुद्ध. डांबर आलं ते या सगळ्यानंतर. म्हणजे रस्ता गुळगुळीत झाला तोवर त्यावरून चालणारे निघून गेले होते. मी ज्या शांततेसाठी पहाटे उठून गाडी पकडते, ती अशी तयार झालेली आहे. हे कळल्यावर सायकल चालवण्यातली मजा कमी झाली का? नाही. पण रस्त्याकडे बघताना डोळे जरा जास्त उघडे राहतात.

उदाहरणार्थ, प्रत्येक गावातलं युद्धस्मारक. चर्चपाशी किंवा ग्रामपंचायतीसमोर, बहुधा सावलीत, आणि पायऱ्या बसायला सोयीच्या, त्यामुळे माझा केळं खायचा मुक्काम तिथेच. वर १९१४-१९१८ ची नावं. गाव केवढं, तर एका नजरेत सगळी घरं मोजून होतात, आणि नावं मात्र दोन रकान्यांत. एकच आडनाव तीनदा. ती शेतं मग पडीक राहिली, आणि १९२०च्या दशकात उत्तर इटलीतून कुटुंबं येऊन त्यांनी ती कसायला घेतली. वाटेवरच्या टपालपेट्यांवर आजही इटालियन आडनावं दिसतात ती यामुळे.

आईला व्हिडिओ कॉलवर हा रस्ता दाखवला. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एकही माणूस नाही गं? पडलीस तर उचलणार कोण?" प्रश्न बिनतोड. मी म्हटलं, पोस्टमन. खरंच, आडवाटेवर दिवसातून हमखास एकदा येणारं वाहन म्हणजे टपालखात्याची पिवळी व्हॅन. बाकी कधी ट्रॅक्टर, कधी बदकांचं खाद्य घेऊन आलेला ट्रक.

पोस्टमनपेक्षा मोठी काळजी पोटाची. दुपारी बारा ते दोन खेडं बंद. किराणा बंद, पोस्ट बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त खिडक्यांतून भांड्यांचा आवाज. सोमवारी तर बेकरीलाही सुट्टी असण्याची दाट शक्यता. काही गावांत बेकरी कायमचीच मिटली आणि तिथे पाव देणारं यंत्र उभं आहे. नाणं टाका, लांब पाव बाहेर येतो, थोडा चिवट असतो, पण त्या क्षणी तो अमृत. पाणी मिळतं दफनभूमीत. फुलांना घालायला तिथे नळ असतोच, आणि 'पिण्याचे नाही' अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्यायची. सुरुवातीला फाटक उघडताना अवघडल्यासारखं व्हायचं. आता आत शिरताना आपोआप 'बाँजूर' निघतं, समोर कुणी असो वा नसो.

भुकेच्या बाबतीत इथल्या सायकलवाल्यांचा आद्यगुरू म्हणजे सँतेतिएनचा पॉल द विवी, टोपणनाव वेलोसियो. १८५३ चा जन्म, शाकाहारी माणूस, सायकलचं मासिक चालवायचा आणि रात्र-रात्र पेडल मारत लांबचे पल्ले गाठायचा. त्याने प्रवासासाठी सात नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा सगळ्यांना पाठ असलेला. पण मला पटतो तो शेवटचा: दुसऱ्याला दाखवायला म्हणून कधी पेडल मारू नका. गिअर बदलता येणाऱ्या सायकलींचा त्याने आयुष्यभर पुरस्कार केला आणि शर्यतवाले त्याला हसले. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली १९३७ साली, वेलोसियो जाऊन सात वर्षं झाल्यावर. जेर्समध्ये पूर्व-पश्चिम जाताना मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करते.

वाहनांचं म्हणाल तर तक्रारीला फारशी जागा नाही. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. मागचा ट्रॅक्टर चढावर शांतपणे रांगत येतो तेव्हा उलट आपल्यालाच लाज वाटते. भीती वाटावी ती बारीक खडीची. शे-दीडशे वस्तीच्या गावाला किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते सांभाळायचे असतात, पैसा कुठून आणणार? मग उन्हाळ्यात डांबर फवारायचं, वर खडी टाकायची आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडायचं. गाड्या तर येतच नाहीत. उतारावरच्या वळणावर ही खडी कितीतरी आठवडे मोकळीच पडून राहते.

जिल्ह्याच्या पश्चिमेला हद्द ओलांडली, की लाबास्तीद-दार्मान्याकजवळ शेतांमध्ये एक जुनं चॅपल लागतं. ते पडझडीला आलेलं असताना १९५९ साली तिथल्या धर्मगुरूने, हे सायकलस्वारांच्या मातेचं स्थान, असं ठरवून टाकलं आणि पोपची मान्यताही मिळवली. आत भिंतींवर नामांकित स्वारांच्या जर्सी लटकतात, शेकड्यांनी. १९७३ चा तूर जिंकणारा लुईस ओकान्या याच भागात वाढला. त्याचं लग्नही याच चॅपलमधलं. देवळात चपला बाहेर काढायची आपली सवय. इथे सायकलच्या बुटांच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर टकटक वाजवत सगळे आत येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडच्यांचा या रस्त्यांशी संबंध येतो तो मात्र वायव्येला, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या निमित्ताने. १८९१ साली सुरू झालेली ही शर्यत आता शर्यत राहिलेली नाही; दर चार वर्षांनी, बाराशे किलोमीटर सायकलने नव्वद तासांत पुरे करायचे, एवढंच. पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे बरेच जण वर्षभर दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या राइड पुऱ्या करून त्यासाठी येतात. २०२३ ला आमचा एक नाशिकचा मित्र आला होता. वाटेवरच्या गावांमध्ये लोक रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून कॉफी घेऊन बसतात. एका गावात तर एक कुटुंब अनेक खेपांपासून येणाऱ्याला गरम धिरडी देतं आणि पैसे घेत नाही. घरी पोचल्यावर आपल्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा, एवढंच मागतं. मित्राने तिथे चार धिरडी हाणली आणि शब्द दिला. महिन्याभराने नाशिकहून त्याचा फोन. मला वाटलं, गुडघ्याबद्दल बोलेल. तर म्हणतो, "ताई, मेन रोड पालथा घातला, चित्राचं पोस्टकार्ड कुठे मिळेना. गोदाघाटाचा फोटो छापून मागे तिकीट लावलं तर चालेल का गं त्यांना?"