चढणीचे मासे : तिसऱ्या पावसातल्या नोंदी

पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात ते चढणीचे मासे. गेले दोन पावसाळे मी घरामागच्या व्हाळावर (ओढ्यावर) ते नुसते मोजत होतो. यंदा रस्त्याखालून व्हाळ नेणाऱ्या मोरीला हात घातला, म्हणून आधी तेच सांगतो.

मोरीच्या सिमेंटच्या पाइपाचं खालचं तोंड पाण्यापासून वीतभर वर लटकलेलं होतं. गेल्या वर्षी खवळे मासे त्या धारेवर उड्या मारमारून थकले आणि तिथेच पागाने (फेकजाळ्याने) पकडले गेले. मे महिन्यात शेजारच्या काकांना सोबत घेऊन मोरीच्या थोडं खाली आडवा दगडी बांध रचला. पाणी तुंबून पाइपाच्या तोंडाला लागावं, एवढाच हेतू.

१२ जून. रात्रभर मुसळधार. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर पाणी लालभडक, आणि खवळे सरळ पाइपात शिरत होते! मी तिथेच भिजत उभा राहिलो. दोन मासे ओल्या हाताने उचलून बघितले. एक सडपातळ, पोट हलकं दाबताच दुधासारखा थेंब आला : नर. दुसरीचं पोट मऊ आणि टम्म. दोघांनाही लगेच वरच्या अंगाला सोडलं.

ही गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, एका पावसात तयार होत नाही. अंड्यांत बलक आधीपासूनच भरत आलेला असतो. पावसाचं नवं पाणी, गार प्रवाह, बुडालेलं गवत यांची चाहूल लागली की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी शेवटचा इशारा देते आणि अंडी सुटतात. तळ्यातले रोहू-मृगळ पोटात अंडी घेऊन नुसते राहतात ते हा इशारा मिळत नाही म्हणून. १९५७ च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधरींनी त्याच ग्रंथीचा अर्क टोचून तो इशारा सुईने दिला. आपल्या खवळ्यांना मात्र पाऊसच पुरतो, वाट मोकळी हवी.

१४ जून. वरच्या कुणग्यात (भाताच्या छोट्या खाचरात) गवताच्या काड्यांना चिकटलेली अंडी, खसखशीहून जरा मोठी, काचेसारखी. मधूनमधून पांढरी पडलेली; ती मेलेली. दुसऱ्या दिवशी काड्या रिकाम्या दिसल्या. पिल्लं बाहेर पडली की काही खाऊन गेलं, ते कळलं नाही.

३ जुलै. त्याच कुणग्यात नखाएवढी पिल्लं, थव्याने!

एक कळकळीची विनंती : पहिल्या दोन-चार रात्री चढणीवर जाळं लावू नका. तेव्हाच्या माद्या अजून अंडी घालायच्या असतात. भाताचं पाणी उतरलं की हेच मासे खाली येतील. तेव्हा बांधातल्या दगडांच्या फटी त्यांना उतरायला पुरतात का, ते बघायला मी पुन्हा मोरीवर बसणार आहे.