1030 अंशांवरचं पारदर्शक ग्लेझ: जानेवारी ते ऑक्टोबरची वही

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसणारा काचेचा थर. त्याची चौदावी पाककृती, क्रमांक 14, माझ्या लाल मातीवर टिकलंय. काळ्या मिश्रणावर नाही. गंमत म्हणजे चौदाही वेळा मी बदल करत राहिले ते ग्लेझमध्ये, आणि अर्धं दुखणं निघालं मातीत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: भट्टी विजेची, लहान, गच्चीवरच्या खोलीत. माती दोन प्रकारची. एक कुंभारवाड्यातून आणलेलं मिश्रण, त्यात तळ्याच्या गाळाची काळी माती, थोडी लाल, राख आणि घोड्याची लीद. दुसरी बाजारात मिळणारी चाळलेली लाल टेराकोटा. दोन्हींत लोह भरपूर, त्यामुळे 1100 च्या वर नेलं की रंग करपतो, आणखी वर गेलं की भांडं फुगतं किंवा बसतं. म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या भांड्यांसाठीच्या, 1220 च्या स्टोनवेअर ग्लेझचा मला काही उपयोग नाही. ग्लेझ पारदर्शकच हवं, कारण मी पांढरा लेप देऊन त्यावर नक्षी कोरते. कोरलेल्या रेघेतून खालची लाल माती दिसली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

या खुळाची सुरुवात भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाली. 1870 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी पॉटरीचं काम उभं केलं, त्यासाठी सिंधमधले कुंभार आणले, आणि भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी आली. काचेच्या कपाटासमोर उभी राहून मी नक्षीपेक्षा तिच्यावरच्या चकाकीकडेच बघत होते. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

जुन्या काळी जगभर कमी तापमानाचं पारदर्शक ग्लेझ म्हटलं की शिसं. आपला खरा शेंदूरसुद्धा शिशाचाच ऑक्साइड. शिशाचं ग्लेझ पातळ वितळतं, बुडबुडे सहज सोडतं, तापमान थोडं चुकलं तरी सांभाळून घेतं. पण आंबट पदार्थात ते उतरतं आणि माझ्या मगात लोक लिंबूसरबत पिणार, तेव्हा तो रस्ता बंद. उरतो बोरॉन, तोही काच कमी तापमानाला वितळवतो.

बोरॉन म्हटल्यावर जानेवारीत मी केलं ते सगळे नवशिके करतात. टाकणखार (बोरॅक्स, यातच बोरॉन असतो) आणला, बाटलीच्या काचेची पूड मिसळली, म्हटलं झालं स्वस्तात ग्लेझ. टाकणखार पाण्यात विरघळतो हे माहीत होतं, त्याचा परिणाम माहीत नव्हता. भाजलेलं कोरं भांडं पाणी शोषतं, त्याबरोबर विरघळलेला टाकणखारही आत ओढला जातो, आणि वाळताना पाणी जिथून उडतं तिथे, म्हणजे काठावर, जमा होतो. काठ वितळून ओघळले, पोट कोरडं खरखरीत राहिलं. बादलीत दुसऱ्या दिवशी खडीसाखरेसारखे स्फटिक. शिवाय बाटलीच्या काचेत सोडा भरपूर असतो आणि सोडा ग्लेझचं प्रसरण वाढवतो, म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसतं आणि फाटतं. जे थोडंफार नीट वितळलं होतं त्यावर भट्टी उघडतानाच भेगांची जाळी होती. क्रमांक 1 ते 3 इथे संपले.

टाकणखार आधीच सिलिकाबरोबर (वाळूतला मुख्य पदार्थ) वितळवून, काच करून, दळून घेतला की तो पाण्यात जात नाही. तेच फ्रिट. परदेशी पाककृतींत फेरो कंपनीच्या फ्रिटचे 3134, 3124, 3195 असे आकडे असतात आणि आपण ते इकडे शोधत बसतो. आकड्यामागचं विश्लेषण समजलं तर आकड्याची गरज नाही. 3134 मध्ये ग्लेझ दाट ठेवणारा अ‍ॅल्युमिना जवळजवळ नाही, चुना आणि बोरॉन भरपूर. 3195 मध्ये अ‍ॅल्युमिना चांगला आहे, म्हणून थोडी चायना क्ले (पांढरी माती) घातली की त्याचं ग्लेझ जवळपास तयार. मी पहिली गोणी घेतली ती विश्लेषणाशिवाय. कागद मागितला तर दुकानदार म्हणाला, "सगळे हेच वापरतात." सगळे काय वापरतात ते मला क्रमांक 4 मध्ये दिसलं: पांढऱ्या लेपावर बरं, पण लाल मातीवर निळसर दुधाळ साय. पावसाळी आकाश म्हणून विकता आलं असतं. मला पारदर्शक हवं होतं.

ही साय म्हणजे थंड होताना ग्लेझमध्ये तयार होणारे चुना-बोरॉनचे बारीक स्फटिक. अ‍ॅल्युमिना कमी असला, थर जाड असला आणि भट्टी सावकाश थंड झाली की हमखास येते. चायना क्ले 10 वरून 20 भागांवर नेली. साय बरीच गेली, पण कच्ची माती जास्त झाल्याने थर वाळताना तडकला आणि भट्टीत गोळा होऊन बाजूला सरकला. मग निम्मी चायना क्ले आधी भाजून वापरली. (भाजल्यावर तिचं 12-14 टक्के वजन पाणी म्हणून उडून जातं, तेवढी कमी घ्या. मी घेतली नव्हती. क्रमांक 6 वाया.) फेब्रुवारीअखेर दुसऱ्या व्यापाऱ्याकडून विश्लेषणासह फ्रिट मिळालं, बोरॉन ऑक्साइड 22 टक्के आणि अ‍ॅल्युमिना 11, आणि साय प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे त्यामागे लपलेले बुडबुडे दिसायला लागले. नुसत्या डोळ्यांना धुकं, भिंगाखाली साबुदाणा. इथे पहिल्यांदा मातीकडे लक्ष गेलं. मी कुंभारकाकांच्या सवयीने पहिली भाजणी 900 ला करत होते आणि ग्लेझची 1040 ला. म्हणजे लिदीचा उरलेला कार्बन आणि काळ्या मातीतली चुनखडी यांचा वायू नेमका तेव्हा निघायचा जेव्हा वर ग्लेझचं झाकण बसलेलं असायचं. क्रम उलटा केला. पहिली भाजणी 1060, त्यात 700 ते 900 हा टप्पा अगदी सावकाश, भट्टीचं वरचं भोक उघडं ठेवून. ग्लेझ 1030 ला. शिवाय 1030 ला दहा मिनिटं थांबून 970 पर्यंत उतरवायचं आणि तिथे अर्धा तास धरायचं. उतरताना ग्लेझ दाट होतं आणि वर आलेले बुडबुडे फुटून त्यांचे खड्डे भरतात. बुडबुड्यांना वेळ हवा, सायीला वेळ नको, त्यामुळे 970 नंतर मी भट्टीला अजिबात रेंगाळू देत नाही. 850 च्या खाली मात्र तिची ती थंड होऊ दे.

चुनखडीचे खडे ही काळ्या मातीची जुनी खोड. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, हवेतली ओल लागली की तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. म्हणून माती पातळ कालवून 80 नंबरच्या चाळणीतून गाळते. वर उरलेले खडे एका डब्यात टाकत गेले, का ते माहीत नाही, फेकवत नाही आम्हाला काहीच.

मार्चमध्ये क्रमांक 9 चे नऊ मग तयार झाले आणि मी विजयाच्या गप्पा मारायला लागले. स्वच्छ, चकचकीत, रेघ न् रेघ दिसणारे. उकळत्या पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात, तीन फेऱ्या. एकही भेग नाही. बहिणीला दोन दिले, शेजारी एक.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्री स्वयंपाकघरातून टिक असा आवाज आला. पाल समजून झोपले. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री दिवा लावून बसले तेव्हा कळलं, फळीवरचे मग बोलत होते. सकाळी भेगा दिसाव्यात म्हणून शाई चोळली तर सहापैकी पाच मगांवर कोळ्याचं जाळं. बहिणीचा फोन त्याच आठवड्यात आला, तिने फार प्रेमाने विचारलं की ही नक्षी मुद्दाम आहे का.

ही उशिराची भेग तापमानाची नव्हे, ओलीची. कमी तापमानावरची माती सच्छिद्र राहते. माझा लाल मातीचा कोरा तुकडा कोरडा 212 ग्रॅम, पाण्यात उकळून 236, म्हणजे 11 टक्क्यांवर पाणी. ते पाणी नुसतं भोकांत बसत नाही, मातीतल्या अर्धवट भाजलेल्या भागाशी जोडलं जाऊन मातीच किंचित फुगवतं. वरची काच फुगत नाही. भट्टीतून निघताना ग्लेझ मातीने आवळून धरलेलं असतं. माती फुगत गेली की ती पकड सुटते, मग ताण उलटा होतो आणि काच फाटते. बर्फाच्या परीक्षेत हे कधीच दिसणार नाही, कारण ती पाच मिनिटांची असते आणि पावसाळा चार महिन्यांचा.

प्रत्येक बदलानंतर पुढच्या जूनपर्यंत थांबायचं? कारखान्यात यासाठी दाबाच्या वाफेत तुकडे ठेवतात. दाबाची वाफ आपल्याकडे घरोघरी आहे. जुना पाच लिटरचा कुकर काढला, तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर तुकडे पाण्याला न टेकता. शिट्टीच्या दाबाला आत साधारण 120 अंशांची वाफ असते. गॅस बारीक, दर अर्ध्या तासाने बंद करून पाणी बघायचं. दोन गोष्टी महत्त्वाच्या. कुकर आपोआप निवू द्यायचा. नळाखाली धरलात तर भेग ओलीने पडली की झटक्याने, हे कळणार नाही. आणि तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

सासूबाईंनी दोन दिवस शिट्ट्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, शिजली का तुझी माती?"
म्हटलं, "नाही आई, अजून कच्चीच आहे."
"मग थोडं तेल घाल," म्हणाल्या आणि मालिका बघायला गेल्या.

जुलै-ऑगस्टचे आकडे असे. क्रमांक 9 साध्या लाल मातीवर 40 मिनिटांत फाटलं, काळ्यावर 20 मिनिटांत. ग्लेझमध्ये तीन भाग टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घातल्यावर लाल मातीवर सव्वा तास. टाल्कमधला मॅग्नेशियम प्रसरण कमी करतो, पण या तापमानाला तो फार वितळत नाही, सहा भाग घातले तर चकाकी मेणासारखी मंद झाली. मग ग्लेझ तसंच ठेवून मातीत हात घातला: लाल मातीत 8 टक्के टाल्क. मातीत टाल्कचं काम वेगळं, तो भाजलेल्या मातीचं प्रसरण वाढवतो, म्हणजे थंड होताना माती जास्त आक्रसते आणि ग्लेझला घट्ट आवळते. असा तुकडा दोन तासांच्या तीन फेऱ्या खाऊन बाहेर आला. शाई चोळली, पुसली, भिंग घेतलं. काही नाही. मी त्या दिवशी खरंच कुकरला हळदकुंकू लावलं.

क्रमांक 14, शंभर भागांत: फ्रिट 78, चायना क्ले कच्ची 9, भाजलेली 6, बारीक क्वार्ट्झ (गारगोटीची पूड) 4, टाल्क 3. घनता 1.45, म्हणजे 100 मिलिलिटरचं वजन 145 ग्रॅम. बुचकळणं दोन सेकंद. दाट झालं तर पाणी, तळाशी बसायला लागलं तर चिमूटभर एप्सम सॉल्ट. पावसाळ्यात फळीवरचं कोरं भांडं आधीच ओल पिऊन बसलेलं असतं, त्यामुळे ग्लेझ कमी ओढतं. मी ओव्हनमध्ये किंचित गरम करून, निववून मगच बुचकळते. क्वार्ट्झ आणि टाल्कची पूड कोरडी उडवू नका, एन-95 लावा, सांडलं तर ओल्या फडक्यानेच पुसा. सिलिका छातीत गेली की परत येत नाही.

एवढं असूनही मगाची बैठक ग्लेझविना राहते आणि तिथून पाणी शिरतंच, म्हणून माझे मग मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कानही चटका देतो. लिंबाची फोड आणि कोकमाचं आगळ चोवीस तास ठेवून बघितलं, चकाकी कुठे मंद झालेली दिसली नाही. विकायला काढण्याआधी प्रयोगशाळेत नमुना देणार आहे. तिथे 4 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये चोवीस तास ठेवून काय उतरलं ते मोजतात. फ्रिटच्या गोणीवर "लेड-फ्री" छापलेलं असणं वेगळं आणि मोजलेलं असणं वेगळं.

राहिली काळी माती. तिच्यात 10 टक्के क्वार्ट्झ घालून 20 मिनिटांचे 35 झाले, पुढे गाडी हलेना. टाल्कनेही फारसं नाही. पण आता एक सुचलंय. भिंतीच्या टाइल्स करणारे याच ओलीच्या फुगण्यावर उपाय म्हणून मातीत बारीक दळलेला चुनखडक घालतात. भाजताना चुना मातीतल्या त्या अर्धवट भागाशी जुळून पक्के स्फटिक करतो आणि मग पाण्याला धरायला फारसं काही उरत नाही. इटलीतले मायोलिका (पांढऱ्या ग्लेझवर रंगवलेली भांडी) करणारे कुंभारही चुन्याची माती वापरायचे, त्यांचं ग्लेझ तिच्यावर छान बसायचं. रंगाची लाली जाऊन पिवळट होईल, ते चालेल मला.

म्हणजे सहा महिने चाळून चाळून बाजूला काढलेले खडे आता दळून परत त्याच मातीत घालायचेत. खडा म्हणून शत्रू, पीठ म्हणून मित्र. डबा भरून पावणेदोन किलो निघालेत. या रविवारी खलबत्ता गच्चीवर नेणार आहे, आणि सासूबाईंना विचारून नेणार आहे.