वहिनीसाठी सहा वाईन ग्लास

या मे महिन्यात दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. वहिनीचं माहेर निफाडकडचं, तिच्या भावाची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे. तो दरवर्षी दोन-चार बाटल्या पाठवतो आणि आमच्याकडे नागपूरला ती वाईन सरबताच्या जाड ग्लासांतून प्यायली जाते. मला ते फार दिवस खुपत होतं. म्हणून ठरवलं, या वेळी चांगल्या क्रिस्टलचे सहा ग्लास द्यायचे.

आधी इतवारीत गेले. दुकानदारानं नक्षीकाम केलेला एक जड ग्लास पुढे ठेवला आणि नखानं टिचकी मारली. "पाहा ताई, कसा वाजून राहिला! अस्सल इम्पोर्टेड लेड क्रिस्टल." लेड क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली चमकदार काच. वाजत होता खरा. मी नमुन्याला एकच घेतला.

घरी तो किचनच्या काट्यावर ठेवला, २४० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य केला आणि ग्लास दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून तळाला न टेकवता अधांतरी धरला. आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. काटा ९६ ग्रॅमवर गेला. ग्लासानं बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटिमीटर, म्हणून काचेचं आकारमान ९६ घनसेंटिमीटर. २४० भागिले ९६, घनता २.५. ही साध्या काचेची घनता. युरोपातल्या नियमाप्रमाणे लेड क्रिस्टल म्हणवून घ्यायला काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं आणि घनता २.९ तरी भरावी लागते. जडपणा नुसत्या जाडीचा होता.

त्यानंतर शिसं हवंच कशाला, हाही प्रश्न पडला. शिशानं काच चमकते, मऊ होते, नक्षी कोरायला सोपी जाते. पण वाईन आंबट असते आणि ती अशा काचेतलं शिसं थोडं थोडं ओढून घेते. शिसेवाल्या सुरईत ती महिनोन् महिने ठेवणं तर अजिबात बरं नाही. आता बिनशिशाचं क्रिस्टल मिळतं. काही कंपन्या त्यात टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं घालतात. ते घ्यायचं पक्कं केलं. मात्र ते ओळखायला माझी पातेल्याची युक्ती कामाची नाही, तिथे खोक्यावरचा मजकूरच वाचावा लागतो.

ऑनलाइन मागवलेल्या सहांपैकी दोन फुटके आले, परत पाठवले. शेवटी धरमपेठेतल्या एका दुकानात तासभर बसले. तिथल्या काकांनी एकेक ग्लास हातात घेऊ दिला, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. मी आधी काठावरून बोट फिरवलं. स्वस्त ग्लासाच्या काठाला गोल, जाडसर कड असते आणि वाईन तिच्यावर अडखळून जिभेवर येते. चांगल्याचा काठ कापून घासलेला, पातळ असतो. मग दांडीवर साच्याची रेघ आहे का ते पाहिलं, सपाट काउंटरवर ठेवून डुगडुगतो का तेही पाहिलं. पोट रुंद आणि तोंड निमुळतं हवं, म्हणजे वास आत साठतो. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ साली नक्षी टाळून असाच पातळ, मोठ्या पोटाचा ग्लास केला होता. मला तर आता कातीव नक्षीचा ग्लास वाईनसाठी घ्यावासाच वाटत नाही. आतला रंग तरी दिसला पाहिजे ना!

दांडीही लांब हवी. आपल्या पंचेचाळीस अंशांत पोटाला हात लावला की वाईन लगेच कोमट होते. रेड वाईनची बाटलीसुद्धा मी आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली होती.

ग्लास एक तृतीयांशच भरले. वहिनीनं नाक आत घातलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, आमच्या बागेचा वास येऊन राहिला."

आमचं बोअरचं पाणी जड आहे, काचेवर पांढरे डाग धरतं. म्हणून शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यानं करायचं आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं पुसायचं. पुसताना पोट एका हातात आणि बूड दुसऱ्या हातात धरून पिळायचं मात्र नाही, दांडी तिथेच तुटते. दादाला हे मी दोनदा करून दाखवलं.