आईचे दोन कॅन्सर: आधी कोणता?

आईच्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी कॅन्सरची आली आणि पुढच्या स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला जाडसर भाग दिसला. आई ७९ वर्षांची. डिचोलीच्या आमच्या घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, पसरला! शेजारच्या काकू तर भेटायला येऊन रडून गेल्या. बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, डॉक्टर म्हणाले, दिसतो तो प्रत्येक डाग पहिल्याच कॅन्सरचा असतो असं नाही, तुकडा काढून बघू. कोलोनोस्कोपीत निघाला तो वेगळाच, दुसरा कॅन्सर. ऐकून आम्हाला चक्क हायसं वाटलं. पसरलेल्या एकापेक्षा जागच्या जागी असलेले दोन परवडले.

पण आधी कोणता? छातीतली गाठ हाताला लागते, म्हणून भीती तिचीच जास्त. हिमोग्लोबिन मात्र ८ वर आलं होतं ते आतड्यातून रक्त जात असल्यामुळे. स्तनाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा होता; लेट्रोझोलची रोज एक गोळी त्याला काही महिने थोपवून धरेल, असं ठरलं. त्या गोळीने हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि कॅल्शियम. ऑपरेशन आधी आतड्याचं.

त्याआधी, ऑपरेशन झेपेल का ते बघायला, आईला खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला सांगितलं. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं. "जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, आता माझी घ्या," म्हणत तिने काटे अगदी बरोबर मांडले. औषधांची पिशवी टेबलावर ओतून झोपेची गोळी हळूहळू बंद केली, ऑपरेशननंतर भ्रम होऊ नये म्हणून. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच झालं.

तरी ऑपरेशननंतर एका रात्री आई मला ओळखेना. "गोठ्याचं दार कोणी उघडं टाकलं?" म्हणून सलाईन ओढायला लागली. सिस्टरने आधी तिचा चष्मा आणि कानातलं मशीन मागितलं. दोन्ही माझ्या पर्समध्ये! ते लावल्यावर ती हळूहळू भानावर आली.

आतड्याजवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसीका ग्रंथींमध्ये, कॅन्सर निघाला नाही. आतड्याच्या काढलेल्या गाठीची एमएमआर चाचणी डेफिशियंट आली, म्हणजे त्या पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडलेली. अशा दुसऱ्या स्टेजमध्ये नुसत्या कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्यांनी फायदा होत नाही, त्यामुळे केमो टळली. भाऊ अजून म्हणतो, "घेऊन टाकायची होती." मी वाद घालत नाही.

आता स्तनाची गाठ आकसली आहे. तिचं ऑपरेशन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी की नंतर, असं डॉक्टरांनी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "नंतर. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला सांगणारं घरात दुसरं कोण आहे?"