परातीतलं पाणी आणि दोन वर्षांचं पोर

पाण्याच्या प्रयोगांना मी टब घेत नाही, परात घेते. कणीक मळायची मोठी, 16 इंची. तिच्यात दोन बोटं पाणी घातलं की साडेतीन लिटरच्या आसपास होतं आणि दीड ते तीन वर्षांच्या मुलाला तेवढं पुष्कळ आहे. त्याहून जास्त घातलं की प्रयोग बाजूला राहतो आणि आंघोळ सुरू होते. परातीखाली जुनं गोणपाट, कारण गुळगुळीत टाइलवर ओली पावलं घसरतातच. अंगात फक्त चड्डी. डिसेंबर-जानेवारीत पाणी कोमट करून घ्यायचं, कोपर बुडवून बघायचं.

दोन बाबतींत सवलत नाही. लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, बादलीत ओणवं झालं की त्याला परत वर येता येत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं, बऱ्याचदा गुरुवारी बंदच असतं, म्हणून घरोघरी बादल्या आणि पिंपं भरलेली. तेव्हा बाथरूमचं दार आधी लावून घ्यायचं. बेल वाजली तर पोराला कडेवर घेऊनच उठायचं, आणि खेळ संपला की परात तिथल्या तिथे ओतून टाकायची. दुसरं, पावणेदोन इंचांहून लहान वस्तू परातीत नको: गोट्या, नाणी, चिंचोके, बटणं. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नयेत. पोटात गेले तर आतड्यात फुगून अडकतात.

पहिला आठवडा मी फक्त ओतण्याला देते. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, बस. देवघरातली जास्तीची पळी आणि पंचपात्र ही दोन वर्षांच्या हाताच्या मापाची भांडी आहेत, खेळण्यांच्या दुकानात इतकं नेमकं काही मिळत नाही. वाटीने हळू ओतलं की पाणी काठाला चिकटून वाटीखालून ओघळतं आणि मूल वैतागतं. त्यात त्याची चूक नसते. धार जरा वेगाने पडली किंवा भांड्याला चोच असली की पाणी काठ सोडतं. मग नरसाळं, गाळणी आणि नवा स्पंज द्यावा. ड्रॉपरची घाई नको, दोन बोटांनी दाबून सोडणं अडीच-तीन वर्षांच्या आधी सहसा जमत नाही.

बुडणं-तरंगणं सगळेच करतात, पण दहा-बारा वस्तू एकदम टाकतात आणि मग मूल नुसतं आपटत बसतं. मी एका वेळी चारच घेते. बटाटा आणि वांगं, स्टीलचा चमचा आणि स्टीलची वाटी. बटाटा बुडतो, त्याच्याहून मोठं वांगं तरंगतं, कारण त्याच्या गरात हवा भरलेली असते. चमचा बुडतो, वाटी होडीसारखी तरंगते, आणि वाटीत पळीपळीने पाणी घातलं की तीही खाली बसते. वस्तू टाकण्याआधी एकदाच विचारायचं, “बुडेल का गं?” उत्तर चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. मोसंबीचाही प्रयोग छान आहे: सालीसकट तरंगते, सोलली की बुडते. पण सालीखालचा पांढरा भागही काढावा लागतो, हवा त्यातही असते. नागपुरी संत्र्यावर हे कधी कधी फसतं, कारण ते मधे पोकळ असतं.

सगळ्यात जास्त दिवस चालतो तो बाटलीचा खेळ. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून कितीतरी खेळणी करून दाखवली, तरी आपला हात रंगीत खोक्यातल्या महागड्या संचाकडेच जातो. इथे लागते एक रिकामी बाटली. तळापासून दोन बोटं वर, तापवलेल्या दाभणाने एकच भोक, साधारण 2 मिलिमीटरचं. भोकावर बोट ठेवून बाटली भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि बोट काढायचं. पाणी येत नाही. झाकण सैल केलं की धार सुरू, आवळलं की बंद. वरून हवा आत आल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही, एवढंच कारण. झाकण फिरवून धार थांबवता येते हे एकदा कळलं की मूल वीस-वीस वेळा तेच करतं.

हे फसतं तीन ठिकाणी. पाण्याची पातळ बाटली घेतली तर झाकण लावूनही धार चालू राहते, कारण बाटलीच आत चेपत जाते. शीतपेयाची जाड बाटली घ्या. भोक मोठं झालं तर त्यातूनच बुडबुडे आत शिरतात आणि पाणी थांबत नाही. आणि वर-खाली दोन भोकं पाडली तर वरच्यातून हवा आत, खालच्यातून पाणी बाहेर. तीन धारा बघायच्या असतील तर दुसरी बाटली घ्या, झाकण न लावता, भोकं जरा तिरप्या रांगेत, नाहीतर धारा एकमेकींत मिसळतात. ही बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवली तर खालची धार सगळ्यात लांब जाते. जमिनीवर ठेवली तर खालची लगेच टेकते आणि मधली लांब जाते. पुस्तकातल्या चित्रात नेहमी खालचीच धार सगळ्यात लांब दाखवतात, तसं होत नाही म्हणून गोंधळू नका.

‘दाब’ हा शब्द या वयाला देऊन उपयोग नाही. त्यापेक्षा ठिबकतंय, ओघळतंय, झिरपतंय, निथळतंय, उतू गेलं, हे शब्द जिथल्या तिथे बोलले की पुरे. झिरपण्यासाठी मी वात वापरते. दोन पेले, एक भरलेला आणि पाटावर उंच, दुसरा रिकामा आणि खाली. वीतभर कापूस वळून त्याचं एक टोक वरच्या पेल्यात, दुसरं खालच्यात. देवघरातली वात घेऊ नका; कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, पाणी त्यात चढतच नाही. औषधांच्या दुकानातला कापूस धुऊन मेण काढलेला असतो, तो घ्या आणि आधी भिजवून पिळून घ्या. बाहेरचं टोक वरच्या पेल्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली हवं. मग काही मिनिटांत थेंब पडू लागतात. कोरडा कापूस लावला तर मुलाचं लक्ष तोवर उडून जातं.

पणतीचा खेळ त्याहून सोपा. दिवाळीआधी नवी पणती तेल पिऊ नये म्हणून आपण पाण्यात भिजवतोच. कोरडी, न रंगवलेली पणती पाण्यात सोडली की तिच्या अंगातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि कान जवळ नेला तर सूं असा आवाज येतो. छिद्रांतली हवा बाहेर, पाणी आत. काट्यावर आधी आणि नंतर ठेवली तर दोन-तीन ग्रॅमचा फरक दिसतो. रंगवलेली पणती पाणी पीत नाही.

साबणाच्या फुग्यांना एक वाटी पाणी, दोन मोठे चमचे भांड्यांचा लिक्विड साबण, एक लहान चमचा साखर. फेस येत नसेल तर पाणी बघा, साबण नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जोर कमी पडतो. आरओ फिल्टरचं प्यायचं पाणी घ्या. त्याच यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र आणखी जड असतं, ते ओतण्याच्या खेळाला ठेवा. फुगे डोळ्यांजवळ फोडू द्यायचे नाहीत.

रंगाला गोकर्णाची दहा-बारा फुलं कपभर गरम पाण्यात घालून गार करायची. निळं पाणी लिंबाच्या थेंबांनी जांभळं, मग गुलाबी होतं. एवढंच पुरे. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.

आणि ती शहाबादी फरशी. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर, सावलीत, ओल्या बोटाने मुलाचं पाऊल गिरवायचं. गडद झालेली रेघ बघता बघता उडून जाते. शेजारी चमचाभर पाण्याचं डबकं करून त्याच्या कडेने खडूचा गोल काढायचा आणि दर दहा मिनिटांनी आत नवा गोल. हाच खेळ जुलैत पुन्हा करायचा, घरात, खिडकीपाशी. दमट हवेत डबकं हलायला तयार नसतं, दोन गोल काढून होईतो संध्याकाळ होते.