एकटी घानाला गेलीस, भीती नाही वाटली?

हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुठेही विचारतात आणि मी दर वेळी "नाही हो, मस्त झाली ट्रिप" म्हणून विषय संपवते. पण तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. वाटली. एकदाच वाटली आणि खूप वाटली, पण तुमच्या मनात जे चाललंय त्यामुळे नाही.

जानेवारीत सोळा दिवस होते मी तिथे. हरमॅटनचे दिवस, म्हणजे सहाराकडून धूळ घेऊन येणारा कोरडा वारा, सूर्य दुधातून बघितल्यासारखा दिसतो आणि ओठ फुटतात. निघायच्या आधी यलो फीवरची लस घ्यावी लागते, निदान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड परत येताना आपल्या एअरपोर्टवरही मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन, तेव्हा ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

राजधानी अक्राहून समुद्रकाठच्या केप कोस्ट गावाला जायला मी कानेशी स्टेशनवरून ट्रोट्रो पकडली. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप, अगदी तेच, भरल्याशिवाय सुटत नाही, आणि दाराशी उभा राहून गावाचं नाव ओरडणारा पोरगा असतो त्याला म्हणतात मेट. सव्वा तास बसून होतो. खिडकीशी डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, कुणाकडे पाण्याच्या पिशव्या, कुणाकडे उकडलेली अंडी, केळ्याचे वेफर्स. शेजारी एक मावशी होती, साधारण माझ्या आईच्या वयाची, तिने आधी "गुड मॉर्निंग" म्हटलं, मी उत्तर दिलं, मग तिने विचारलं, कुठल्या वारी जन्मलीस? तिथल्या अकान लोकांत वारावरून नाव असतं, शनिवारचा मुलगा क्वामे, म्हणून त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा, शुक्रवारचा कोफी, म्हणून कोफी अन्नान. मी म्हटलं गुरुवार. "मग तुझं नाव या," ती म्हणाली. 1900 मध्ये इंग्रजांविरुद्ध लढाईला उभी राहिलेली राणी या असांतेवा, तीही गुरुवारचीच. मला एकदम भरून आलं कारण आपल्याकडे दारात माणूस आलं की आपण हेच म्हणतो ना, या.

मग ती "आय ॲम कमिंग" म्हणाली आणि चक्क उतरून गेली! मला कळेना, येते म्हणतेय आणि जातेय कुठे. पाच मिनिटांत दोन सोललेली संत्री घेऊन हजर, तिथे वरची साल काढून टोक कापून देतात आणि मग ती चोखायची. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अहो हे तर आपलंच आहे, आपण तरी घरातून निघताना कधी जाते म्हणतो, येते म्हणतो, जाते म्हटलं तर आजी रागवायची. त्या प्रवासात मला उजव्या हातानेच पैसे द्यायचे हे सांगावं लागलं नाही, ते आईने लहानपणीच शिकवलेलं. केप कोस्टला कुठे उतरायचं हे मावशीने मेटला दोनदा बजावलं आणि मागच्या सीटवरच्यांनीही त्याला एकेकदा बजावलं.

म्हणून म्हणते, रस्त्यात भीती नाही वाटली. काळजी घेतली, ती घ्यायचीच. अंधार पडल्यावर बीचवर एकटं फिरायचं नाही, गर्दीत फोन हातात धरून चालायचं नाही, आणि नवरा कुठाय हा प्रश्न दिवसातून चारदा येतो त्याला एक ठरलेलं उत्तर ठेवायचं. शाकाहारी लोकांनो, रेड रेड मागा, पाम तेलात शिजवलेली चवळी आणि तळलेली पिकली केळी, फक्त मासा नको म्हणून आधी सांगा. शितो नावाची काळी चटणी मिळते, त्यात सुकट आणि मासे असतात.

भीती वाटली ती केप कोस्टच्या किल्ल्यात. समुद्राकडून पांढराशुभ्र, इतका सुंदर की वाईट वाटतं. खाली तळघरं, तिथे इंग्रज व्यापारी गुलाम म्हणून विकायच्या माणसांना जहाज येईपर्यंत कोंडून ठेवायचे, कधी कधी महिनोन्महिने, आणि पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर चर्च. गाइड म्हणाला तुम्ही उभे आहात ती नुसती फरशी नाही, माणसांची घाण, रक्त, अन्न थरावर थर साचून कडक झालंय. मग त्याने दिवा बंद केला. अर्धा मिनिट असेल. वर एका भोकातून उजेडाची काडी, बाकी काही नाही. मला माझाच हात दिसत नव्हता आणि मला कळलं की या जागेत कुणी कुणाला वार विचारला नसेल, इथून माणूस नाव न राहता बाहेर पडायचा, आणि यातल्या एकालाही घरून निघताना येते म्हणायला मिळालं नसेल. माझे पाय खरंच कापत होते. बाजूला अमेरिकेहून आलेली एक म्हातारी कृष्णवर्णीय बाई होती, तिने अंधारात माझा हात धरला, की मी तिचा, ते आता आठवत नाही.

शेवटी एक दार आहे, डोअर ऑफ नो रिटर्न. ते उघडलं की एकदम ऊन, रंगीत होड्या, जाळी विणणारे कोळी, बॉल खेळणारी पोरं. बाहेरच्या बाजूने त्याच दारावर दुसरी पाटी लावली आहे, डोअर ऑफ रिटर्न. 1998 मध्ये परदेशात मेलेल्या दोन गुलामांच्या अस्थी याच दारातून परत आत आणल्या होत्या. म्हातारी बाहेर जाऊन वाळूत थोडा वेळ उभी राहिली, मग वळली, ती पाटी मोठ्याने वाचली, आत आली, आणि मग माझा हात सोडला.